217 व्या जागेवरची खूण

अल्झायमरची रक्तचाचणी आल्याची बातमी आपल्याकडे पोहोचली, तेव्हापासून एक वाद रंगला आहे. एक बाजू म्हणते, पन्नाशी गाठलेल्या प्रत्येकाने साखर आणि कोलेस्टेरॉलबरोबर हीही चाचणी उरकून घ्यावी; आधी कळलेलं केव्हाही बरं. दुसरी म्हणते, ज्या रोगाला धड औषध नाही, त्याचा शोध घेऊन जिवाला घोर का लावून घ्यायचा? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण ही चाचणी नेमकं काय मोजते, हा प्रश्न मला दोन्हीकडे ऐकू येत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगते. ज्याची स्मरणशक्ती खरोखर ढासळू लागली आहे, त्याच्यासाठी ही चाचणी मोठी देणगी आहे आणि ती जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचायला हवी. धडधाकट माणसाला ती तपासणीच्या पॅकेजमध्ये घालून विकणं मात्र चूक आहे. हे मत नुसत्या सावधगिरीपोटी आलेलं नाही. चेतापेशी काम कशी करते, हे समजून घेतलं की ते आपोआप निघतं.

चाचणी मोजते ते पी-टाऊ 217. टाऊ हे चेतापेशीतलं प्रथिन. पेशीच्या लांबलचक धाग्यात माल वाहून नेणाऱ्या सूक्ष्मनलिका असतात, त्यांना ते सावरून धरतं. मेंदूतल्या सर्वांत लांब टाऊमध्ये 441 अमिनो आम्लं एकापुढे एक ओवलेली असतात. त्यातल्या 217 व्या जागेवर फॉस्फेटचा गट चिकटला की त्याला पी-टाऊ 217 म्हणतात. फॉस्फेट चिकटवण्याच्या या क्रियेचं नाव फॉस्फोरिलेशन. ते चिकटवणारी विकरं (एन्झाइम) म्हणजे कायनेज, काढून टाकणारी फॉस्फेटेज. टाऊवर असा फॉस्फेट बसू शकेल अशा जागा एकूण 85. त्यातल्या एका जागेचा हिशेब रक्तातून कळतो, आणि त्यावरून माणसाच्या पुढच्या वीस वर्षांबद्दल बोललं जातं.

ज्यांनी उसाला किंवा भाजीला पाणी देताना दारं धरली आहेत, त्यांना ही क्रिया समजावून सांगावी लागणार नाही. पाटाचं पाणी तेच असतं. खोऱ्याने मातीचा एक भराव इथे ओढला आणि तिथला मोडला, की पाणी दुसऱ्या सरीत जातं. वाफा भरला की दारं बदलायचं. कायनेज आणि फॉस्फेटेज यांचं काम हेच, फक्त सेकंदा-सेकंदाला आणि हजारो दारांवर. प्रथिन नव्याने बनवत बसायला पेशीला वेळ नसतो. आहे त्याच प्रथिनावर खूण चढवून किंवा उतरवून ती त्याचं काम बदलते.

हे आधी सापडलं ते स्नायूत. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी 1955 साली सिअ‍ॅटलमध्ये दाखवलं की, साठवलेली साखर मोडणारं विकर एका फॉस्फेटने चालू होतं आणि तो काढला की बंद पडतं. त्यासाठी नोबेल मिळायला 1992 उजाडलं. मेंदूतही असंच काही चालत असेल, हे पॉल ग्रीनगार्ड यांनी धरून ठेवलं, तेव्हा चेतापेशी म्हणजे विजेचं यंत्र अशीच समजूत रुजलेली होती. डोपामीन हे निरोप्या रसायन पेशीच्या दारावर येऊन थांबतं, मग आत नेमकं काय घडतं, याचा माग काढत ते फॉस्फोरिलेशनपर्यंत पोहोचले. 2000 सालचं नोबेल त्यांना अर्विड कार्लसन आणि एरिक कँडेल यांच्यासोबत मिळालं. ग्रीनगार्ड यांची आई त्यांना जन्म देताना वारली होती. नोबेलच्या पैशातून त्यांनी तिच्या नावाने स्त्री-शास्त्रज्ञांसाठी पुरस्कार सुरू केला. विषयाला सोडून आहे, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

त्यांच्या कामातलं एक प्रथिन या वादासाठी फार महत्त्वाचं आहे. त्याचं नाव डार्प-32. त्याच्या 34 व्या जागेवर फॉस्फेट बसला तर ते एका फॉस्फेटेजला अडवतं. 75 व्या जागेवर बसला तर ते उलट एका कायनेजला अडवतं. प्रथिन एक, खूणही एकच, जागा बदलली की परिणाम विरुद्ध. मग ‘फॉस्फेट वाढला’ या दोन शब्दांना स्वतःचा असा काय अर्थ उरला? कुठे वाढला, कोणत्या पेशीत, कोणत्या वयात, हे विचारल्याशिवाय तो वाढलेला आकडा मुका असतो.

आणि फॉस्फेट ही रोगाची खूण आहे, ही समजूत तर मुळातच उलटी आहे. आपण काही शिकतो तेव्हा चेतासंधीत, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यात, कॅल्शियम शिरतं आणि कॅम-कायनेज-2 नावाचं विकर जागं होतं. ते आपल्याच 286 व्या जागेवर फॉस्फेट बसवून घेतं, त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही ते काही काळ जागंच राहतं. 1998 साली उंदरांमध्ये ही एवढी एकच जागा बदलून पाहिली. पाण्याच्या हौदात लपवलेला चौथरा कुठे आहे, हे त्या उंदरांना शिकताच आलं नाही. म्हणजे फॉस्फेट नसेल तर आठवण धरतच नाही, आणि आपण त्याच फॉस्फेटला विस्मरणाचा आरोपी म्हणून उभं करतो.

टाऊवर हा आरोप आला 1986 मध्ये. इंगे ग्रुंडके-इक्बाल, खालिद इक्बाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अल्झायमरच्या मेंदूत टाऊचे जे गुंते साचतात, त्यांतल्या टाऊवर फॉस्फेट प्रमाणाबाहेर आहेत. शोध खरा होता आणि आजही खरा आहे. तेव्हा तुलनेसाठी निरोगी मेंदू मिळत ते मृत्यूनंतरचे. 1994 साली शस्त्रक्रियेत जिवंत माणसाच्या मेंदूतून काढलेला ताजा तुकडा तपासला गेला, आणि त्यातल्या निरोगी टाऊवरही रोगातल्याच बऱ्याचशा जागांवर फॉस्फेट सापडले. मृत्यूनंतरच्या काही तासांत फॉस्फेटेज आपलं काम करत राहतात आणि खुणा पुसून टाकतात. आपण ज्याला निरोगीपणाची कसोटी मानत होतो, तो थोड्याफार अंशी मृत्यूनंतरचा बदल होता. रोगात टाऊवर फॉस्फेट जास्त असतात, हे त्यामुळे खोटं ठरत नाही. पण निरोगी टाऊ म्हणजे कोरी पाटी, ही कल्पना तिथेच निकालात निघायला हवी होती. पार्किन्सनमधल्या अल्फा-सिन्यूक्लीनच्या 129 व्या जागेचं पुढे असंच झालं. तीही आधी निव्वळ रोगाची खूण मानली गेली, नंतर निरोगी चेतापेशीच्या रोजच्या कामातही ती आढळली.

याहून बोलकी गोष्ट युरोपातल्या बिळात राहणाऱ्या खारीची. ही खार हिवाळाभर निपचित पडून असते. 2003 साली थॉमस आरेंट यांच्या गटाने दाखवलं की त्या झोपेत तिच्या मेंदूतल्या टाऊवर अल्झायमरसारखे फॉस्फेट चढतात आणि काही चेतासंधी आक्रसतात. खार जागी होते, फॉस्फेट उतरतात, चेतासंधी पुन्हा उभ्या राहतात. आणि 2025 मध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी नवजात बाळांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात पी-टाऊ 217 अल्झायमरच्या रुग्णांहूनही जास्त निघालं! ज्या मेंदूत चेतासंधींची सर्वांत मोठी बांधणी चालू आहे, त्यात ही खूण सर्वांत जास्त असते. मग आकड्याला घाबरायचं की तो आकडा कुणाचा आहे ते आधी पाहायचं?

आता समोरच्या बाजूचं बळ मान्य करते. पी-टाऊ 217 ही टाकाऊ चाचणी मुळीच नाही. कोलंबियातल्या एका मोठ्या कुळात कमी वयात अल्झायमर आणणारं जनुकीय उत्परिवर्तन आहे. त्यांच्यातल्या वाहकांच्या रक्तात ही खूण लक्षणांच्या सुमारे वीस वर्षं आधी चढू लागते, असं 2020 साली दिसलं. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पी-टाऊ 217 आणि अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं दुसरं प्रथिन) यांचं गुणोत्तर मोजणाऱ्या रक्तचाचणीला परवानगी दिली. त्यासाठी 499 जणांचे नमुने तपासले गेले. चाचणी सकारात्मक आलेल्यांपैकी 91.7 टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड खरोखर होतं, नकारात्मक आलेल्यांपैकी 97.3 टक्क्यांच्या मेंदूत नव्हतं. यापूर्वी हे जाणायला मेंदूचं महागडं पीईटी स्कॅन करावं लागे किंवा पाठीतून सुई घालून पाणी काढावं लागे. आपल्याकडे त्याचा खर्च किती जणांना झेपतो? त्यापुढे दंडातून घेतलेलं थोडंसं रक्त म्हणजे क्रांतीच आहे.

पण ते 499 जण कोण होते? स्मृतीच्या तक्रारी असलेले. परवानगीतही स्पष्ट लिहिलं आहे: वय 55 किंवा अधिक, आणि लक्षणं असलेली व्यक्ती. ही अट पॅकेज विकणाऱ्याला बारीक अक्षरातली कटकट वाटते. खरं तर चाचणीचा सगळा अर्थ या अटीत आहे. साधा हिशेब करू. समजा चाचणी दोन्ही बाजूंनी 90 टक्के अचूक आहे. स्मृतीच्या दवाखान्यात आलेल्या 1000 जणांपैकी 600 जणांच्या मेंदूत अमायलॉइड आहे असं धरू. त्यातले 540 पकडले जातील, उरलेल्या 400 पैकी 40 जणांवर खोटा ठपका येईल. म्हणजे सकारात्मक आलेल्यांपैकी 93 टक्के खरे. आता तीच चाचणी पन्नाशीतल्या 1000 धडधाकट लोकांवर लावा, ज्यांच्यापैकी 50 जणांत अमायलॉइड आहे असं समजा. 45 पकडले जातील, आणि 950 पैकी 95 जणांवर खोटा ठपका. सकारात्मक 140, त्यातले खरे 45. तिसरा हिस्साही नाही. यंत्र तेच, रसायन तेच, प्रयोगशाळाही तीच.

त्यात मूत्रपिंड मंदावलं असेल तर रक्तातलं पी-टाऊ 217 मेंदूशी संबंध नसतानाही वाढतं. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या समाजात ही बारीकशी अडचण नाही. आणि ठपका खरा निघाला तरी तो अमायलॉइडचा असतो, स्मृतिभ्रंशाचा नव्हे. वयस्कर लोकांत साधारण तिसऱ्या हिश्शाच्या मेंदूत अमायलॉइड असूनही त्यांचं डोकं शाबूत असतं, आणि लक्षणं नसलेल्या अशा बहुतेकांना हयातीत स्मृतिभ्रंश होत नाही.

‘पण जाणून घेण्याचा माझा हक्क आहे,’ हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याला भीती दाखवून उत्तर देणं मला अप्रामाणिक वाटतं. भीतीचा दावा पुराव्यावर पुरता टिकत नाही. अल्झायमरचा धोका कमी-जास्त करणाऱ्या अपोई जनुकाचा कोणता प्रकार आपल्यात आहे, हे अल्झायमर रुग्णांच्या मुलांना सांगून काय होतं, हे अमेरिकेत नीट तपासलं गेलं. 2009 साली निष्कर्ष आला की त्यांच्यात लक्षणीय नैराश्य किंवा चिंता वाढली नाही. हे मी मान्य करते. मात्र ते सगळे स्वतःहून आलेले होते आणि प्रत्येकाला समुपदेशकाने बसवून समजावलं होतं. ई-मेलवर आलेल्या अहवालातल्या लाल अक्षरातल्या आकड्याशी त्याची तुलना होईल का? शिवाय 2014 चा आणखी एक अभ्यास आहे. ज्यांना आपल्याकडे धोक्याचं अपोई-4 जनुक आहे हे कळलं होतं, ते वृद्ध स्मृतीच्या परीक्षेत, तेच जनुक असलेल्या पण ते माहीत नसलेल्या वृद्धांपेक्षा मागे पडले. कळण्याने डोळ्यांत पाणी आलं नाही, पण स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला.

आणि लोकांना खरंच जाणायचं असतं का? हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाची चाचणी येण्याआधी धोका असलेल्या कुटुंबांतल्या बहुतेकांनी पाहण्यांमध्ये ‘आम्ही नक्की करू’ असं सांगितलं होतं. 1993 मध्ये जनुक सापडलं, अचूक चाचणी आली, आणि बहुतेक देशांत प्रत्यक्षात ती करून घेणारे पाचांत एकही निघाले नाहीत. तिथे तर चाचणीचा निकाल म्हणजे जवळजवळ अटळ भविष्य होतं. त्या कुटुंबांनी, त्यांच्यातल्याच नॅन्सी वेक्सलर यांच्यासारख्या संशोधकांनी आणि डॉक्टरांनी मिळून नियम घालून घेतले: आधी समुपदेशन, मग विचार करायला वेळ, मग रक्त, निकाल समोर बसून. हक्क नाकारला नाही. हक्काला हात धरणारं माणूस दिलं. आपल्याकडच्या पॅकेजमध्ये तो माणूस कुठे आहे?

दक्षिण कोरियाने हा रस्ता एकदा चालून पाहिला आहे. तिथे 1999 साली कर्करोगाची राष्ट्रीय तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्या यादीत नव्हता, पण दवाखाने थोडे पैसे जास्त घेऊन गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागले. 2011 पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान 1993 च्या पंधरापट झालं. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोकांना कर्करोग झाल्याचं सांगण्यात आलं. मृत्यूंचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. जवळजवळ सगळ्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली, अनेकांना जन्मभर गोळी लागली, काहींचा आवाज गेला. सोनोग्राफीने दाखवलेल्या गाठी खोट्या नव्हत्या. त्यातल्या बहुतेक गाठी त्या माणसांना कधीच त्रास देणार नव्हत्या, एवढंच.

अमायलॉइडचं असंच होऊ घातलं आहे, आणि त्याची सुरुवात व्याख्येपासून झाली आहे. 2024 मध्ये अमेरिकेतल्या अल्झायमर असोसिएशनच्या कार्यगटाने म्हटलं की रोग म्हणजे जैविक खूण. खूण सापडली की लक्षणं नसली तरी अल्झायमर आहे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कार्यगटातल्या तज्ज्ञांनी विरोध नोंदवला: लक्षणं नसलेला माणूस धोक्यात आहे असं म्हणा, रुग्ण म्हणू नका. मी दुसऱ्यांच्या बाजूने आहे. डार्प-32 आणि खारीची गोष्ट कळल्यावर फॉस्फेटच्या एका खुणेला रोगाचं नाव देणं मला पटत नाही. आणि नाव एकदा लागलं की ते नोकरीच्या अर्जावर येतं, विम्याच्या हप्त्यात येतं. अमेरिकेत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला 2008 पासून कायद्याने बंदी आहे, पण पी-टाऊ हे प्रथिन आहे, जनुक नव्हे. तो कायदा त्याला पुरत नाही.

दुसऱ्या बाजूशी माझं भांडण तितकंच मोठं आहे. ‘औषध नाही तर चाचणी कशाला’ हे वाक्य मी माझ्याच घरात ऐकलं. माझा मामा दोन वर्षं तेच तेच प्रश्न विचारत होता, आणि सगळे म्हणत होते की वय झालं, साठी बुद्धी नाठी. त्याला डॉक्टरकडे नेलं तेव्हा बी-12 खूप कमी निघालं आणि दोन्ही कानांनी त्याला निम्मंही ऐकू येत नव्हतं. गोळ्या आणि कानातलं मशीन सुरू झाल्यावर तो पूर्ववत झाला असं म्हणणार नाही, पण आता तो बोलण्यात भाग घेतो. त्याची तक्रार ‘वयाचीच’ म्हणून सोडून दिली असती, तर हेही मिळालं नसतं. लक्षणं असलेल्या माणसाला पी-टाऊ 217 ची गरज याचसाठी आहे. नकारात्मक आली, तर डॉक्टर बी-12, थायरॉइड, नैराश्य, मेंदूतले छोटे झटके यांच्याकडे अधिक निश्चिंतपणे वळू शकतात. सकारात्मक आली, तर बँकेचे व्यवहार, घराची कागदपत्रं, कोण सांभाळणार, हे सगळं त्या माणसाला स्वतःच्या तोंडाने सांगता येतं, सांगता येतं तोवर. भारतात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. त्यातल्या किती घरांत अजून रोगाला नावच मिळालेलं नाही?

औषध अजिबात नाही, हेही आता खरं नाही, जरी जे आहे ते तोकडं आहे. मेंदूतलं अमायलॉइड काढणाऱ्या लेकानेमॅब या औषधाच्या चाचणीत 1795 रुग्णांवर 18 महिने काम झालं. स्मृतिभ्रंश किती आहे हे मोजणाऱ्या 18 गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेतलेल्यांची घसरण 0.45 ने कमी झाली, आणि साधारण आठांत एकाच्या मेंदूला सूज आल्याचं स्कॅनमध्ये दिसलं. ही औषधं सुरुवातीची लक्षणं असलेल्यांसाठी आहेत. धडधाकट माणसाच्या हातात सकारात्मक अहवाल पडला, तर त्याला आज देण्यासारखं काय आहे? रक्तदाब, साखर, श्रवण, डोळे, चालणं, माणसांत राहणं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 सालच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या सुमारे 45 टक्के प्रकरणांशी असे 14 टाळता किंवा कमी करता येण्याजोगे धोके जोडले आहेत. त्यांच्यावर काम करायला पी-टाऊचा आकडा लागत नाही.

आकडा हाती आला की माणूस काहीतरी करायला धावतो, ही माझी खरी काळजी आहे. लिथियम हे मानसिक आजारातलं जुनं औषध जीएसके-3 या कायनेजला आवर घालतं, आणि तेच कायनेज टाऊवर फॉस्फेट चढवतं. 2025 साली हार्वर्डच्या ब्रूस यांकनर यांच्या गटाने उंदरांमध्ये लिथियमचा फार आशादायक परिणाम दाखवला. तो उंदरांतला आहे. माणसांत याच कायनेजला रोखणारं टिडेग्लुसिब हे औषध चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यातच अपयशी ठरलं होतं, आणि प्रमाण चुकलं तर लिथियम मूत्रपिंड व थायरॉइड दोन्ही बिघडवतं. कायनेज हे खलनायक नव्हे. तो बांधावरचा खोरेवाला आहे. त्याचे हात बांधले तर कुठला वाफा वाळेल, हे आपल्याला अजून सांगता येत नाही.

लक्षणं नसलेल्या पण पी-टाऊ 217 वाढलेल्या लोकांना आधीच औषध दिलं तर स्मृतिभ्रंश लांबतो का, हे पाहणारी डोनानेमॅब या लेकानेमॅबसारख्याच औषधाची मोठी चाचणी सुरू आहे. तो निकाल खणखणीत आला, तर या लेखातलं निम्मं मत मला मागे घ्यावं लागेल, आणि मी घेईन. तेव्हाही अहवाल हाती घेऊन कुणी आलं तर मी आधी त्याचं वय विचारेन, मग मूत्रपिंडाचा हाल सांगणारं क्रिएटिनिन, आणि मग हा अहवाल तुम्हाला समोर बसवून कुणी वाचून दाखवला का, ते.